बाळंतपणात बापाची रजा: हक्क कुणाला, मागायची कधी, वापरायची कशी

माझी मुलगी जन्मली तेव्हा आमच्या कंपनीत बापाला ५ दिवसांची रजा मिळायची. त्यातले ३ दिवस हॉस्पिटलच्या बाकावर आणि औषधांच्या दुकानासमोरच्या रांगेत गेले. उरलेले २ मी बारशासाठी राखून ठेवले. हॉल, जेवणावळ, पाळण्याची फुलं, गावाकडून येणाऱ्यांची सोय, सगळं मी बघितलं आणि बाप म्हणून आपलं काम झालं असं मला वाटलं. साडेतीन महिन्यांनी बायको माहेरून बाळाला घेऊन घरी आली. सोबत आलेल्या सासूबाई आठवड्याने परत गेल्या. त्या रात्रीपासून दोन माणसांचं काम एकटीवर पडलं, कारण दुसरं माणूस सकाळी सव्वासातची कंपनीची बस पकडत होतं. रजा केव्हाच संपली होती.

मुलाच्या वेळी मी तेच ५ दिवस वेगळे वापरले, त्यांना अर्जित रजा (कामाच्या दिवसांमागे साचणारी पगारी रजा) जोडली आणि पाचव्या महिन्यापासून तयारी केली. कंपनी तीच, पॉलिसी तीच, तरी घरी फरक पडला. तो कशाने पडला ते या लेखात सांगतो. कायद्याने काय मिळतं ते आधी सांगतो, कारण त्याबद्दल गैरसमज फार आहेत. पण माझं मुख्य म्हणणं रजेच्या मांडणीबद्दल आहे. भारतात बहुतेक बापांना मिळणारी रजा इतकी थोडी असते की ती चुकीच्या दिवशी खर्च झाली तर न मिळाल्यासारखीच होते.

पहिली पायरी: तुम्हाला कोणता नियम लागू आहे ते ठरवा

"सरकारने १५ दिवसांची पितृत्व रजा दिली आहे" हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. ते खरं आहे, पण सगळ्यांसाठी नाही.

*केंद्र सरकारी कर्मचारी.* केंद्रीय नागरी सेवा (रजा) नियम, १९७२ मधला नियम ४३-ए तुमच्यासाठी आहे. हयात अपत्यं दोनपेक्षा कमी असतील तर पत्नीच्या प्रसूतीसाठी १५ दिवसांची रजा मिळते. म्हणजे दुसऱ्या बाळापर्यंत मिळते, तिसऱ्याला नाही. प्रसूतीच्या आधी १५ दिवसांपासून ते प्रसूतीनंतर ६ महिन्यांपर्यंत ती घेता येते. पगार पूर्ण मिळतो. ही रजा तुमच्या रजेच्या खात्यातून वजा होत नाही आणि तिला दुसऱ्या प्रकारची रजा जोडता येते. मुदतीत घेतली नाही तर ती बुडते, पुढे ओढता येत नाही. नियमाखालच्या टिपेत ही रजा सहसा नाकारू नये असंही स्पष्ट लिहिलं आहे. साहेब "बघू" म्हणत असतील तर अर्जात या टिपेचा उल्लेख करा.

एक वर्षापेक्षा लहान बाळ रीतसर दत्तक घेतलं तर दत्तकाच्या तारखेपासून ६ महिन्यांत तितकीच रजा नियम ४३-एए खाली मिळते. जून २०२४ मधल्या दुरुस्तीने सरोगसीतून झालेल्या बाळाच्या वडिलांनाही १५ दिवस मिळू लागले. पत्नीचं निधन झालेल्या, घटस्फोटित किंवा अविवाहित एकल वडिलांना तर बाल संगोपन रजा लागू आहे. ती संपूर्ण नोकरीत मिळून ७३० दिवसांपर्यंत मिळते, पहिले ३६५ दिवस पूर्ण पगारावर आणि पुढचे ३६५ दिवस ८० टक्क्यांवर. ही शेवटची तरतूद ज्याला सर्वांत जास्त लागते त्यालाच बऱ्याचदा माहीत नसते, म्हणून ऑफिसात असा कुणी असेल तर त्याला मुद्दाम सांगा.

*सरकारी बँका.* मे २०१५ मध्ये बँका आणि कर्मचारी संघटनांमध्ये झालेल्या दहाव्या द्विपक्षीय करारापासून इथेही १५ दिवस आहेत. दोन अपत्यांची अट आणि ६ महिन्यांची मुदत केंद्रासारखीच आहे.

*विद्यापीठं आणि महाविद्यालयांतले प्राध्यापक.* विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत पुरुष शिक्षकांसाठी १५ दिवसांची रजा, दोन अपत्यांपर्यंत, लिहिलेली आहे.

*महाराष्ट्र राज्य सरकारी कर्मचारी.* इथे घोटाळा होतो. तुमच्यावर महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ लागू आहेत, केंद्राचे नियम नाहीत. शेजारच्या पोस्टातल्या मित्राला १५ दिवस मिळाले म्हणून तहसील कार्यालयातही आपोआप मिळतील असं धरून चालू नका. आस्थापना शाखेत जाऊन तुमच्या विभागाला सध्या लागू असलेला शासन निर्णय दाखवायला सांगा. शासन निर्णय सरकारच्या संकेतस्थळावर विभागवार शोधता येतात. २०१८ पासून राज्यात १८० दिवसांची बाल संगोपन रजा आहे. ती महिला कर्मचाऱ्यांसाठी आहेच, शिवाय पत्नी हयात नसलेल्या किंवा असाध्य आजाराने अंथरुणाला खिळलेल्या पुरुष कर्मचाऱ्यांसाठीही आहे.

*खासगी नोकरी.* आपल्यापैकी बहुतेकजण इथे आहेत, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

खासगी नोकरीत कायदा काय देतो

बाप म्हणून काहीच देत नाही. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती होऊन आईची पगारी रजा २६ आठवडे झाली, पण त्यात बापासाठी एक दिवसही नव्हता. २१ नोव्हेंबर २०२५ ला लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही प्रसूती लाभाचं प्रकरण स्त्रियांपुरतंच आहे. त्यामुळे "कायद्याने मला रजा द्यावीच लागेल" असं एचआरला ठणकावून सांगायला गेलात तर पहिल्याच वाक्यात बाजू पडेल.

हे बदलायचा एक प्रयत्न महाराष्ट्रातल्या खासदाराने केला होता. हिंगोलीचे तेव्हाचे खासदार राजीव सातव यांनी २०१७ मध्ये लोकसभेत पितृत्व लाभाचं खासगी विधेयक मांडलं. असंघटित आणि खासगी क्षेत्रातल्या कामगारांसह सर्व बापांना १५ दिवसांची रजा मिळावी आणि ती वाढवता यावी, असा त्याचा गाभा होता. त्याचा कायदा झाला नाही. सातव २०२१ मध्ये कोविडनंतर गेले. मराठवाड्यातल्या एका खासदाराने हा प्रश्न संसदेत नेला होता ही गोष्ट आपल्याकडे जास्त लोकांना ठाऊक असायला हवी.

न्यायालयांनीही अधूनमधून या बाजूने मत दिलं आहे. २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तिथल्या मान्यताप्राप्त विनाअनुदानित शाळेतल्या एका शिक्षकाच्या बाजूने निकाल दिला. त्याने बाळाच्या जन्मासाठी घेतलेल्या रजेचा पगार शाळेने कापला होता. पण तो निकाल दिल्लीच्या शाळांसाठीच्या कायद्यावर उभा आहे, पुण्यातल्या आयटी कंपनीला तो दाखवून उपयोग नाही. २०२३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठासमोर एका पोलीस निरीक्षकाचं प्रकरण आलं. पत्नीच्या बाळंतपणासाठी रजेवर राहिला म्हणून त्याच्यावर कारवाई झाली होती. न्यायालयाने ती रद्द केली आणि पितृत्व रजेचा कायदा व्हायला हवा असं मतही नोंदवलं.

मग खासगी नोकरीत तुमच्या हातात काय उरतं? दोन गोष्टी. एक, कंपनीची स्वतःची पॉलिसी. दुसरी, तुमची साचलेली पगारी रजा.

पॉलिसीत फरक प्रचंड असतो. झोमॅटोने २०१९ मध्ये बापांनाही २६ आठवड्यांची पगारी रजा जाहीर केली. दुसऱ्या टोकाला ३ किंवा ५ दिवसांवर थांबणाऱ्या कंपन्या आहेत आणि ज्यांच्या पुस्तकात हा शब्दच नाही अशाही आहेत. माझ्या वेळी ५ दिवस आहेत हे मला एचआरने सांगितलं नाही, दुसऱ्या विभागातल्या एका सहकाऱ्याने जेवणाच्या सुट्टीत सांगितलं. म्हणून ऐकीव माहितीवर राहू नका, कागद बघा.

साचलेली रजा मात्र कायद्याने तुमची आहे आणि तिथे ठाम बोलता येतं. महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा तुमच्या नोकरीला लागू असेल तर वर्षाला ८ पगारी नैमित्तिक रजा मिळतात. शिवाय आदल्या वर्षी २४० दिवस काम झालं असेल तर दर २० दिवसांच्या कामामागे १ दिवस रजा मिळते. ती ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. नैमित्तिक रजा तिमाहीने खात्यात जमा होतात, हे विसरू नका. बाळ जानेवारीत येणार असेल तर त्या महिन्यात हातात २च असतील, ८ नाही. कारखान्यातल्या कामगारांसाठी पूर्वी २४० दिवसांची अट होती, ती नव्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत १८० दिवसांवर आली आहे. दर २० दिवसांना १ दिवस हे प्रमाण तिथेही तेच आहे. नोकरीला वर्ष होत आलेल्या तरुण कामगाराला याचा थेट फायदा आहे.

कंत्राटी कामगारांनी हेही बघावं की नियुक्तीपत्रावर कुणाचं नाव आहे. रजा तोच मालक देतो, ज्याच्या गेटमधून तुम्ही रोज आत जाता तो नव्हे.

दुसरी पायरी: पाचव्या महिन्यात कागद काढा

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर प्रसूतीची अंदाजे तारीख असते. ती हाती आली की एका संध्याकाळी बसून पुढच्या गोष्टी शोधा: नियुक्तीपत्र, कर्मचारी पुस्तिका, एचआर पोर्टलवरची रजेची पॉलिसी आणि तुमची आजची रजा शिल्लक. युनियन असेल तर वेतनकरारही बघा. आमच्या भागातल्या काही कारखान्यांत बापाची रजा पॉलिसीत नाही पण करारात आहे, असं मी पाहिलं आहे.

पॉलिसी वाचताना दिवसांच्या आकड्यावर थांबू नका. ते दिवस कामाचे आहेत की कॅलेंडरचे? ५ कामाचे दिवस शनिवार-रविवार धरून ९ होऊ शकतात, ५ कॅलेंडरचे दिवस मात्र ५च राहतात. रजा सलग घ्यायची की तुकड्यांत चालते? जन्मानंतर किती दिवसांत संपवायची? नोकरीला किती महिने झालेले असावे लागतात? दत्तक बाळाला लागू आहे का? प्रोबेशनवर असलेल्याला मिळते का? उत्तर पॉलिसीत नसेल तर हे प्रश्न ईमेलवर विचारा. तोंडी मिळालेलं उत्तर नको तेव्हा बदलतं.

एक गोष्ट आणखी. ग्रुप मेडिक्लेममध्ये नव्या बाळाचं नाव घालायला बहुतेक ठिकाणी मोजक्याच दिवसांची मुदत असते. ती तारीख याच वेळी विचारून कॅलेंडरवर लिहून ठेवा, नंतर सुचणार नाही.

तिसरी पायरी: रजा कुठे ठेवायची

लेखाचा हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

आपल्याकडे पहिलं बाळंतपण बहुतेक वेळा माहेरी होतं. सातव्या महिन्यात डोहाळजेवण होतं, आठव्यात मुलगी माहेरी जाते आणि बाळंतपणानंतर सव्वा महिना ते तीन-चार महिने तिथेच राहते. तिथे तिची आई असते, मालिशवाल्या मावशी येतात, शेकशेगडी होते, अळीव आणि डिंकाचे लाडू असतात. तिथे जाऊन तुम्ही बसलात तर जावईबापूंना चहा देणं हेच त्या घरातलं एक वाढीव काम होतं. हे मी अनुभवाने सांगतो.

खरी गरज नंतर पडते, ती घरी परतल्यावरच्या पहिल्या दहा-बारा दिवसांत. बाळाला नवी जागा, आईला नवी व्यवस्था, मदतीचे हात कमी, आणि रात्री दर दोन-तीन तासांनी उठणं. तिची झोप महिन्यांपासून तुटलेली असते. माझ्या मते तुमच्या रजेचा मोठा हिस्सा या दिवसांसाठी ठेवायला हवा.

पण मुदतीकडे लक्ष द्या. केंद्र सरकारी किंवा बँक कर्मचाऱ्याला ६ महिने असतात, त्यामुळे साडेतीन महिन्यांनी पत्नी परत येणार असेल तरी १५ दिवस तेव्हा बसतात. त्यांनी प्रसूतीच्या वेळी अर्जित रजेचे ४-५ दिवस वापरावेत आणि पितृत्व रजा परतीच्या तारखेला लावावी. ही रजा सलग घ्यायची असं धरूनच आखणी करा. खासगी कंपनीत मुदत एखाद्याच महिन्याची असेल तर उलट करा: पितृत्व रजा जन्माच्या वेळी संपवा आणि अर्जित रजा परतीसाठी साठवा. त्या वर्षी गणपतीला आणि दिवाळीला जास्तीची रजा टाकू नका. मुलाच्या वेळी मी गावच्या जत्रेला गेलो नाही, आई थोडी नाराज झाली, पण ते ४ दिवस मार्चमध्ये सोन्यासारखे उपयोगी पडले.

बाळंतपण तुमच्याच घरी होणार असेल, किंवा दुसरं बाळ असून पहिलं बालवाडीत असेल, तर हिशोब वेगळा. तेव्हा डिस्चार्जपासूनच तुमची गरज आहे आणि तीही बहुतेक मोठ्या मुलासाठी. त्याचा डबा, शाळेची रिक्षा, संध्याकाळचा हट्ट, रात्री कुशीत कुणी घ्यायचं. आई बाळाकडे गुंतलेली असताना मोठ्याचं पूर्ण जग बापाने सांभाळायचं असतं. सिझेरियन ठरलेलं असेल तर टाके असताना उठबस जड जाते, म्हणून पहिले १०-१२ दिवस तरी घरी राहता येईल असं बघा.

बारशाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. बाराव्या दिवशी घरच्या घरी पाळणा म्हणा, नाव ठेवा, मोठा कार्यक्रम पुढे एखाद्या रविवारी करा. हॉलच्या धावपळीत रजेचे दोन-तीन दिवस घालवण्याइतकी आपली रजा मोठी नाही.

कोष्टक करायला सोपं जावं म्हणून माझं दुसऱ्या वेळचं गणित देतो. कंपनीचे ५ दिवस डिस्चार्जपासून घेतले, त्यांच्या दोन्ही बाजूंना शनिवार-रविवार येत असल्याने सलग ९ दिवस मिळाले. बायको या वेळी महिनाभरच माहेरी राहून परत आली, तेव्हा ८ दिवस अर्जित रजा घेतली. दीड महिन्याच्या लसीसाठी १ दिवस ठेवला, कारण त्या लसींनंतर बाळाला ताप येऊ शकतो आणि त्या रात्री दोघं हवेत. पुढचे दोन महिने आठवड्यातून एक दिवस घरून काम मागितलं, ते मिळालं.

चौथी पायरी: मागायची कशी

आधी वरिष्ठांना प्रत्यक्ष सांगा, मग लगेच लेखी द्या. सहाव्या-सातव्या महिन्यात सांगितलेलं बरं. तेव्हा कुणाला अडचण वाटत नाही, अंदाजे तारखेच्या आठवड्यात सांगितलं की सगळ्यांना वाटते.

बोलताना परवानगी मागण्याच्या सुरात बोलू नका. "सर, रजा मिळेल का हो?" याला "नाही" हे उत्तर सोपं असतं. "मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात बाळ येणार आहे. पॉलिसीचे ५ दिवस तेव्हा आणि अर्जित रजेचे ८ दिवस एप्रिलमध्ये घेतो आहे. माझं काम कुणाकडे द्यायचं ते आपण ठरवू या" असं म्हणा. इथे चर्चा कामाच्या वाटपावर जाते, रजेवर नाही.

केंद्र सरकारी कार्यालयासाठी अर्जाचा नमुना असा ठेवता येईल:

*प्रति, (रजा मंजूर करणारे अधिकारी)*
*विषय: पितृत्व रजा मंजूर होणेबाबत*
*महोदय, वरील विषयान्वये विनंती की, माझ्या पत्नीच्या प्रसूतीची अंदाजे तारीख ____ आहे. हे आमचे ____ अपत्य आहे. केंद्रीय नागरी सेवा (रजा) नियम, १९७२ मधील नियम ४३-ए नुसार मला दि. ____ ते दि. ____ अशी १५ दिवसांची पितृत्व रजा व त्यास जोडून दि. ____ ते दि. ____ अशी ____ दिवसांची अर्जित रजा मंजूर व्हावी. प्रत्यक्ष प्रसूतीच्या तारखेनुसार बदल झाल्यास तो कळवीन. रजेच्या कालावधीत माझे कामकाज श्री./श्रीमती ____ पाहतील. सोबत वैद्यकीय प्रमाणपत्र जोडले आहे.*

खासगी कंपनीच्या ईमेलमध्ये इतकी औपचारिकता नको, पण चार गोष्टी हव्यात: अंदाजे तारीख, कोणत्या रजेचे किती दिवस कधी, तारीख मागेपुढे झाली तर काय, आणि काम कुणाकडे. तारखेबद्दलचं वाक्य गाळू नका. बाळं कॅलेंडर बघून येत नाहीत. "प्रत्यक्ष तारखेप्रमाणे रजा पुढेमागे सरकेल" हे आधीच मान्य करून घेतलं की पहाटे तीनला हॉस्पिटलमधून फक्त एक मेसेज टाकायचा उरतो.

परत आल्यावर जन्माचा दाखला किंवा डिस्चार्ज कार्डाची प्रत जोडा. सरकारी नोकरीत सेवापुस्तकात नोंद झाली की नाही ते स्वतः बघा, आणि ही रजा अर्जित रजेतून वजा केलेली नाही ना, तेही.

काम सोपवणं

"माझ्याशिवाय चालत नाही" हे वाक्य बापांना घरापासून दूर ठेवतं. याला मला माहीत असलेलं सर्वांत मोठं उत्तर क्रिकेटमधलं आहे. २०२० च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात विराट कोहली पहिल्या कसोटीनंतर बाळाच्या जन्मासाठी परतणार हे दौऱ्याआधीच जाहीर झालं होतं. ॲडलेडला संघ ३६ धावांत गारद झाला, तरीही तो ठरल्याप्रमाणे परतला. मग आपल्या डोंबिवलीच्या अजिंक्य रहाणेने मेलबर्नला कप्तान म्हणून शतक ठोकलं आणि मालिका २-१ अशी जिंकून आणली. आधी कळवलं होतं, जबाबदारी कुणाकडे ते ठरलेलं होतं, म्हणून कुणाचंच अडलं नाही.

आपल्या पातळीवर याचा अर्थ एवढाच: चालू कामांची एक पानाची यादी, प्रत्येकापुढे एक नाव, पासवर्ड आणि फायली कुठे आहेत ते, आणि खरंच आणीबाणी असेल तर तुम्हाला फोन करायची एक ठरलेली वेळ. मी दुपारी ४ ते ४.३० ही वेळ दिली होती. बाकी वेळ ग्रुप म्यूट. आठवड्यात दोनच फोन आले.

नाही म्हणाले तर

कारण लेखी मागा, भांडणाच्या सुरात नको. "पॉलिसीच्या कोणत्या अटीमुळे मंजूर होत नाही ते कळवावं, म्हणजे मला दुसरी सोय करता येईल" इतकं पुरतं. पुष्कळदा नकार वरिष्ठाचा व्यक्तिगत असतो आणि एचआरला लेखी कारण द्यायची वेळ आली की तो मावळतो.

केंद्र सरकारी नोकरीत नियम ४३-ए उद्धृत करून वरच्या अधिकाऱ्याकडे अर्ज करा, संघटनेला कळवा. खासगी नोकरीत पॉलिसीत असलेली रजा नाकारली तर एचआर प्रमुखांपर्यंत जा. पॉलिसीतच नसेल तर अर्जित रजा मागा, ती कमी पडली तर घरून काम, अर्धा दिवस, शिफ्टची अदलाबदल, अशा क्रमाने उतरा. रात्रपाळीवाल्याने दोन महिने सकाळची पाळी मिळवली तरी घरात खूप फरक पडतो. बिनपगारी रजा शेवटी. घ्यायचीच झाली तर त्या महिन्याच्या हप्त्यांचा आणि पीएफचा हिशोब आधी करा.

कंपनीत पॉलिसीच नसेल तर दोन-चार बाप मिळून एकत्र अर्ज द्या. एकट्याची विनंती सवलत ठरते, चौघांची मागणी पॉलिसीकडे जाते. आमच्याकडे ५ चे १० दिवस असेच झाले, माझ्या दोन्ही मुलांच्या नंतर.

परदेशात असाल तर

नोकरी जिथे आहे तिथला नियम लागतो. ब्रिटनमध्ये नोकरदार बापाला २ आठवडे मिळतात. एप्रिल २०२४ पासून ते एकेक आठवडा करून बाळाच्या पहिल्या वर्षात केव्हाही घेता येतात. अमेरिकेत १९९३ च्या कौटुंबिक रजेच्या कायद्याने १२ आठवडे मिळतात, पण बिनपगारी. त्यासाठीही मालकाकडे ५० कर्मचारी, तुमची १२ महिन्यांची नोकरी आणि त्यात १,२५० तास काम अशी अट आहे. काही राज्यांत वेगळा पगारी लाभ असतो, तो बघा. संयुक्त अरब अमिरातीत खासगी क्षेत्रात ५ कामाचे दिवस पगारी मिळतात, जन्मापासून ६ महिन्यांत. बायको बाळंतपणाला भारतात आली असेल तर दुबईवाल्यांनी ते ५ दिवस वार्षिक सुट्टीला जोडलेलेच बरे, नाहीतर निम्मे प्रवासात जातात. सिंगापूरमध्ये आता ४ आठवडे आहेत, मात्र बाळ तिथलं नागरिक असण्याची अट आहे, त्यामुळे वर्क पासवरच्या बहुतेक मराठी बापांना ती लागू होत नाही.

रजेवर असताना

जन्माची नोंदणी २१ दिवसांत व्हायला हवी. हॉस्पिटल ती कळवतं, पण आईवडिलांच्या नावांचं स्पेलिंग आधारप्रमाणे आहे का ते फॉर्म भरतानाच तपासा. नाव नंतरही घालता येतं, १२ महिन्यांपर्यंत शुल्क लागत नाही, त्यामुळे नावासाठी नोंदणी अडवून ठेवू नका. जन्मतः द्यायच्या बीसीजी, पोलिओ आणि हेपटायटिस बी या लसी डिस्चार्जच्या आधी झाल्या का ते कार्डावर बघा. हेपटायटिसची पहिल्या २४ तासांत द्यायची असते. पुढच्या दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या तारखा ऑफिसच्या कॅलेंडरमध्येच टाका.

रात्रीचं एक ठरलेलं काम तुमच्याकडे घ्या. मी पहाटे ४ नंतरचं पूर्ण सांभाळायचो: दूध पाजून झालं की बाळ माझ्याकडे, ढेकर काढणं, लंगोट, झोपवणं. तिला ७ पर्यंत सलग झोप मिळायची. आलेल्यागेलेल्यांना दारातच "आत्ता दोघंही झोपलेत" असं सांगायचं कामही बापाचंच, कारण बाळंतिणीने सांगितलं तर लोकांना ते लागतं.

आणि तिच्याकडे लक्ष ठेवा. पहिल्या काही दिवसांतलं उगाच येणारं रडू बहुतेकदा ओसरतं. पण दोन आठवड्यांहून जास्त काळ ती उदास असेल, बाळ झोपलेलं असतानाही तिला झोप येत नसेल, "मला हे जमत नाही" असं पुन्हा पुन्हा म्हणत असेल, तर ते थकव्यावर ढकलू नका. प्रसूती केलेल्या डॉक्टरांना सांगा, किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोला, तिथे मराठीत बोलता येतं. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचा विचार तिने बोलून दाखवला तर तिला एकटं ठेवू नका, त्याच क्षणी हॉस्पिटल गाठा. अशा वेळी रजा शिल्लक आहे की नाही ते बघत बसू नका, वरिष्ठांना फोन करून घरीच थांबा. कागद नंतर करता येतात.